काल रात्रीचा शेवटचा घास

दुपारी जेवणानंतर खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो, आणि झोप व जाग यांच्या मधल्या त्या अरुंद पट्टीवर मला कधी कधी बाईंचा आवाज ऐकू येतो. आवाज मोठा नाही. शेजारी बसून कुणी तांदूळ निवडावेत, तसा.

“डोळे मीट. काल रात्रीच्या शेवटच्या घासापाशी जाऊन उभा राहा. राहिलास? आता मागे चल.”

मी मागे चालू लागतो. शेवटच्या घासामागून ताट येतं, ताटामागून पाट, पाटामागून दुपार, आणि मग काल संपून कितीतरी जुने दिवस एकामागून एक उघडत जातात. वाटेत एके ठिकाणी मात्र माझे पाय थांबतात आणि मला जाग येते. त्या ठिकाणाविषयी लिहावं असं फार दिवस मनात होतं. आता पन्नाशी ओलांडली. आणखी लांबवण्यात अर्थ नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशिकच्या एका धर्मादाय रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून रुजू झालो. आहार विभाग म्हणजे त्याच्या प्रमुख असलेल्या बाई, मी आणि एक वजनकाटा. पुरुषाने हा विषय शिकावा याचं त्या काळी लोकांना नवल वाटे. माझ्या वर्गातही मी एकटाच मुलगा होतो. रुग्ण बाईंना ‘पथ्यवाल्या बाई’ म्हणत आणि मी नवा असल्यामुळे मला ‘पथ्यवाल्या बाईंचे भाऊ’. पहिल्या दिवशी बाईंनी मला नखशिखान्त पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, “स्वयंपाक येतो?”

“थोडाफार,” मी म्हणालो.

“थोडा की फार?”

“थोडा.”

“मग बस. फार येतो म्हणणारे दोघे येऊन गेले.”

आमची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला, रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला लागून होती. हिवाळ्यात सकाळी गोदावरीवरून धुकं येई आणि स्वयंपाकघरातून भाताची वाफ. दोन्ही आमच्या खिडकीपाशी भेटत. दहा वाजेपर्यंत बाहेरचं लिंबाचं झाड दिसत नसे. त्या पांढऱ्या अंधुक उजेडात बाई रुग्णांना स्टुलावर बसवून डोळे मिटायला सांगत, तेव्हा ही खोली रुग्णालयाची आहे यावर विश्वास बसत नसे.

आमच्या व्यवसायात रुग्णाला पहिल्यांदा विचारतात ते काल दिवसभरात काय खाल्लं ते. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. पुस्तकात तसंच दिलेलं आहे आणि मीही तसंच शिकून आलो होतो. बाई मात्र उलट विचारत. त्यांचं म्हणणं असं, की सकाळपासून सांगू लागलेला माणूस आपण कसं जेवायला हवं होतं ते सांगतो. चहा, पोळी, पालेभाजी अशी त्याची गाडी शहाण्यासारखी रुळावरून धावते. रात्रीपासून मागे निघालेल्या माणसाला मात्र रूळ सापडत नाहीत. त्याला एकेक गोष्ट खरोखर आठवावीच लागते.

लासलगावच्या कांद्याच्या आडतीवर दिवाणजी असलेले एक वयस्कर गृहस्थ आले होते. साखर काही केल्या उतरत नव्हती. मी विचारलं तेव्हा त्यांनी दोन भाकरी आणि मेथीची भाजी, एवढंच सांगितलं, तेही खात्यावर नोंद वाचून दाखवावी तसं. मग बाईंनी त्यांना डोळे मिटायला लावले.

“शेवटचा घास, दिवाणजी?”

“शेवटचा... बडीशेप.”

“त्याआधी?”

“त्याआधी दूध. हळद घालून.”

“त्याआधी?”

दिवाणजींच्या मिटलेल्या पापण्या थरथरल्या. “नातू जेवता जेवता झोपला. त्याच्या ताटात अर्धा लाडू होता. टाकवला नाही बाई.”

“त्याआधी?”

“त्याच्याआधी... त्याच्याच ताटातला दुसरा अर्धा.”

आम्ही तिघेही हसलो. बाईंनी त्यांना लाडू बंद करायला सांगितलं नाही. नातवाला एका वेळी अर्धाच लाडू वाढावा, असा निरोप त्यांनी सुनेला पाठवला.

सगळेच असे हसत नसत. सुरगाण्याकडची एक बाई द्राक्षांच्या मळ्यावर कामाला आली होती आणि तिथेच चक्कर येऊन पडली होती. डोळे मिटून ती मागे चालू लागली. रात्री नागलीची भाकर, मिरची. दुपारी तीच भाकर, उरलेली. त्याआधी? ती गप्प. बाई थांबल्या. बाईंना थांबणं फार चांगलं येई. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “सकाळी नाय. सकाळचं पोरांचं असतंय.” बाईंनी समोरचा कागद पालथा घातला आणि तिला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. अर्ध्या तासाने परत आल्या तेव्हा त्यांच्या हाताला भाताचा वास होता. त्या दिवशी त्यांनी तिचं पथ्य लिहिलंच नाही. मला म्हणाल्या, “जिच्या ताटात काही नाही, तिला काय काढून टाक म्हणून सांगायचं?”

दुसरा त्यांचा नेम आणखी विचित्र होता. जे पथ्य आपण लिहिणार, ते आधी एक दिवस स्वतः पाळायचं. मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी मीठ तोडायचं असेल, तर बाई त्या दिवशी अळणी. यकृताच्या रुग्णासाठी असेल, तर तेला-तुपाशिवाय. अळणी दिवशी त्यांचा स्वभाव अतिशय बिघडे. स्वयंपाकघरातल्या मावशी मला दारातच गाठून सांगत, “भाऊ, आज बाईंची किडनी गेली बरं का. जपून बोला.” एकदा बेशुद्ध रुग्णाला नळीतून द्यायचं पातळ अन्न त्यांनी पूर्ण दिवसभर, दर दोन तासांनी एक पेला असं, नाक न दाबता घेतलं. संध्याकाळी त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मी म्हणालो, “बाई, त्याला चव थोडीच कळणार आहे?”

“नळीला कळत नाही,” त्या म्हणाल्या. “तो उद्या शुद्धीवर आला आणि ढेकर दिला म्हणजे?”

दुसऱ्या दिवसापासून त्या मिश्रणात चिमूटभर जिरेपूड पडू लागली.

या नेमामुळे बाई वर्षातले बहुतेक दिवस दुसऱ्या कुणाचं तरी जेवण जेवत. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. गाव नामपूर, तिकडे भाऊ होते. पंचवटीत दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. त्यांना स्वतःला काय आवडतं हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला वाटतं, कधी कधी त्यांनाही नसावं.

आणि तरीही, किंवा म्हणूनच, बाईंच्या मनात एक जागा होती जिथे त्यांचं स्वतःचं चित्त थाऱ्यावर नसे. ती म्हणजे आहारतज्ज्ञांची वार्षिक परिषद.

दर वर्षी तिचं निमंत्रण येई. कधी पुण्याला, कधी हैदराबादला, कधी आणखी कुठे. निमंत्रण आलं की बाई ते टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवत. येता जाता वाचत. भाषणांच्या विषयांवर पेन्सिलीने खुणा करत. मग चिडत. “पाच भाषणं डब्यातल्या पावडरींवर आणि डाळीवर एकही नाही! आणि ही माणसं जेवणावर तीन दिवस बोलणार आणि जेवणार मात्र उभ्याने!” दोन दिवसांनी त्याच मला विचारत, “हिरवी साडी नेऊ की निळी?” एवढ्या मोठ्या शहरात त्यांच्या कामाविषयी त्यांच्याशी बोलू शकेल असं माझ्यावाचून कुणी नव्हतं, आणि मी अजून पुरता शिकलेलो नव्हतो. आपल्यासारख्याच दोनशे माणसांत एकदा जाऊन बसावं, आपण करतो ते वेडेपण आहे की काही आहे हे विचारून घ्यावं, ही ओढ त्यांना फार होती. आणि ते वेडेपणच आहे असं उत्तर आलं तर, ही भीतीही तेवढीच.

“माझा एक पाय पाटावर असतो बघ आणि एक उंबऱ्यावर,” त्या म्हणत.

दोनदा तर त्या बॅग भरून नाशिकरोडपर्यंत गेल्या. गाडी आली, थांबली, गेली. बाई फलाटावरच्या बाकावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, “गाडी चांगली होती. स्वच्छ होती.”

परिषदेला जाऊन आलेल्या ओळखीच्या बायका त्यांना तिथल्या कापडी पिशव्या आणून देत. ठळक अक्षरांत परिषदेचं नाव छापलेल्या त्या पिशव्यांतून बाई कांदे आणत.

मग एका वर्षी परिषद नाशिकलाच भरायची ठरली. एका मोठ्या हॉटेलात. गाडी चुकवायची सोय राहिली नाही. वर आयोजकांनी बाईंना दहा मिनिटं बोलायलाच सांगितलं; विषय त्यांची उलटी पद्धत. वेळ दुपारच्या जेवणाच्या अगदी आधीची.

“जेवणाआधीची दहा मिनिटं म्हणजे सगळ्यांची तोंडं वासाकडे,” मी म्हणालो.

“बरंच आहे की. भुकेलेली माणसं लक्ष देऊन ऐकतात,” बाई म्हणाल्या. त्या आठवड्यात त्या वयाने लहान झाल्या होत्या. पंचवीस वर्षं आपण जे एकटीने केलं ते प्रथमच आपल्या माणसांपुढे मांडायचं, मग ती माणसं काय म्हणतील ते म्हणोत. बोलण्यापेक्षा करून दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं. हॉटेलात रुग्ण आणायला आयोजकांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी मला विचारलं. मी मंचावर बसायचं, डोळे मिटायचे आणि आदल्या दिवशीचं माझं जेवण सर्वांसमक्ष मागे मागे सांगत जायचं.

“मुद्दाम काही वेगळं खाऊ नकोस,” त्यांनी बजावलं. “जे खाशील ते खा. चकल्या खा. फक्त मला आधी सांगू नकोस.”

मी आनंदाने कबूल झालो. तेव्हा तो आनंद खरा होता, एवढं मला लिहू द्यावं.

परिषदेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाई म्हणाल्या, “जेवायला घरी ये. एकटीने बसले तर मी भाषणच चावत बसेन.”

“पण मग रात्रीचं तुम्हाला आधीच कळेल.”

“रात्रीचं कळलं तर कळलं. सकाळ-दुपारचं राहतंय ना?”

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. पंचवटीतल्या त्या गल्लीत लहान मुलं अजून तुटक्या पतंगांशी झटत होती. मी बाईंच्या घरी प्रथमच जात होतो. दार उघडलं तेव्हा भाजलेल्या तिळाचा आणि गुळाचा वास असा काही अंगावर आला की मी क्षणभर उंबऱ्यातच थांबलो. बाईंनी पदर खोचला होता, कपाळावर पीठ होतं.

“आज मी कुणाचीच पेशंट नाही,” त्या म्हणाल्या. “आज मला वाटलं ते केलंय.”

बाजरीची भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, आणि मग गुळपोळ्या. कागदासारख्या पातळ, कडेपर्यंत गूळ गेलेल्या. बाई समोर बसून वाढत होत्या आणि मी किती खातो ते न पाहिल्यासारखं करत होत्या. पोळीवर तूप टाकलं की ते हळूहळू पसरे आणि खसखशीच्या ठिपक्यांभोवती थांबे. खिडकीतून घंटांचा आवाज येत होता. एखादं घर नुसत्या वासाने भरून जावं आणि त्यात आपण तरंगत राहावं, तसं काहीतरी झालं होतं. मला माझ्या आईची आठवण आली नाही, लहानपणाची आली नाही. फक्त असं वाटलं की ही बाई आज पहिल्यांदा स्वतःच्या घरी जेवते आहे, आणि मी तिचा पाहुणा आहे.

निघताना बाई जिन्यापर्यंत आल्या. “बऱ्या झाल्या होत्या ना?” त्यांनी विचारलं. त्याच वेळी खाली कुणाची तरी स्कूटर फुरफुरली. त्यांचा प्रश्न मी ऐकला होता. उत्तर द्यायचं मात्र राहून गेलं. हात हलवला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशीचं सभागृह मला नेहमी पाण्याखाली पाहिल्यासारखं आठवतं. जाड पडदे, गार हवा, गळ्यात नावाच्या पट्ट्या. बाहेर पावडरींच्या कंपन्यांची दालनं, आणि प्रत्येक दालनात छोट्या कागदी पेल्यांतून व्हॅनिलाचा वास. बाईंनी अखेर हिरवीच साडी नेसली होती. पहिल्या रांगेत मुंबईच्या एका नामांकित खासगी रुग्णालयाच्या आहारप्रमुख बसल्या होत्या. सत्राच्या अध्यक्षा त्याच होत्या. त्या रुग्णालयाची शाखा नाशिकमध्ये निघायची होती आणि आठवड्यापूर्वीच त्यांनी माझी मुलाखत घेतली होती. उत्तर यायचं होतं. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

बाईंच्या आधी जे बोलले, त्यांचा विषय होता पारंपरिक गोड पदार्थ. “गूळ म्हणजे वेषांतर करून आलेली साखर,” ते म्हणाले आणि सभागृह हसलं. “आणि तरीही आपल्यातले काही आहारतज्ज्ञ संक्रांतीला तुपात बुडवलेल्या गुळपोळ्या हाणतात! पुढच्या वर्षी त्यांना व्यासपीठावर बोलवू या.” पुन्हा हशा. अध्यक्षाही हसल्या. मी पंख्याखाली बसलेला नव्हतो, तरी माझी मान गार पडली.

मग आमचं नाव पुकारलं गेलं.

मी खुर्चीवर बसलो. बाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. माइकची त्यांना सवय नव्हती; त्यांनी तो तोंडापासून दूर धरला, त्यामुळे आवाज आमच्या खोलीतल्यासारखाच हळू येत होता.

“डोळे मीट,” त्या म्हणाल्या. “काल रात्रीच्या शेवटच्या घासापाशी जाऊन उभा राहा.”

मी गेलो. हे मला अगदी स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं याच्यावर अवलंबून आहे. मी खरोखर तिथे गेलो. सभागृह विरघळलं. ते ताट मला दिसलं, त्यावरचा शेवटचा तुकडा, त्याच्या कडेला जमलेलं तूप, समोर मांडी घालून बसलेल्या बाईंच्या कपाळावरचं पीठ. तिळाचा वास आला. शब्द ओठांपर्यंत आला. बाईंची पद्धत त्या क्षणी जेवढी बरोबर होती तेवढी कदाचित कधीच नसेल.

“शेवटचा घास?” बाईंनी विचारलं. त्या आवाजात मला हसू ऐकू आलं. उत्तर त्यांना माहीत होतं, आणि ते ऐकायला त्या जराशा पुढे झुकल्या होत्या.

“एक वाटी ताक,” मी म्हणालो.

शेजारी साडी सळसळली; बाई सरळ झाल्या असाव्यात.

“त्याआधी?” बाई म्हणाल्या.

“दोन फुलके. मुगाची आमटी. काकडी.”

“त्याआधी?”

“त्याआधी काही नाही. संध्याकाळी एक सफरचंद.”

शेजारून त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मी डोळे उघडले नाहीत. रुग्ण डोळे मिटून बसतात तेव्हा त्यांना किती सुरक्षित वाटत असेल, असा एक निर्लज्ज विचार माझ्या मनात येऊन गेला. बाईंनी एक शब्द उच्चारला असता, “हा काल माझ्याकडे जेवला,” एवढाच, तर त्यांची पद्धत वाचली असती आणि मी बुडालो असतो. दोन्हींतलं एकच होऊ शकत होतं, आणि निवड त्यांच्या हातात होती.

“मी पंचवीस वर्षं समजत आले,” बाई सभागृहाला म्हणाल्या, “की मागे चालणारा माणूस चुकत नाही. ते तितकंसं बरोबर नसावं. माझी मिनिटं उरली आहेत, ती जेवणाला घ्या. नमस्कार.”

लोकांना काही कळलं नाही. तुरळक टाळ्या पडल्या. अध्यक्षा उठून म्हणाल्या, “पद्धत मजेशीर आहे, पण बाईंनी स्वतःच तिच्या मर्यादा प्रांजळपणे सांगितल्या. आणि इतका नेटका आहार घेणारा तरुण आपल्या व्यवसायात आहे, याचं मला कौतुक वाटतं.” या वेळी टाळ्या जोरात पडल्या. त्या माझ्यासाठी होत्या.

जेवणाच्या दालनात मी बाईंना शोधलं. त्या खिडकीशी, हातात ताट धरून, उभ्याने जेवत होत्या. वरण-भात. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, “भात मोकळा झालाय. तू घे.” एवढंच.

नोकरीचं पत्र पंधरा दिवसांत आलं. त्या पंधरा दिवसांत बाई माझ्याशी नेहमीसारख्याच वागल्या. एक गोष्ट तेवढी बदलली. परिषदेच्या दुसऱ्याच सकाळी त्यांनी कपाटातून छापील तक्त्यांचा गठ्ठा काढला. न्याहारी, दुपारचं जेवण, संध्याकाळ, रात्र. रुग्ण येत, बाई विचारत, ते सकाळपासून सरळ सांगत जात आणि बाई सरळ लिहीत जात. कुणालाही डोळे मिटायला सांगणं त्यांनी बंद केलं. मावशींनी मला विचारलं, “बाईंना झालंय काय? आता कुणाशी बोलत न्हाईत तेवढ्या.” मी म्हणालो, माहीत नाही. हे दुसरं खोटं पहिल्याहून सोपं गेलं.

वर्षं गेली. नव्या रुग्णालयात संगणक होता, त्यात खाल्लेल्या पदार्थांची यादी भरली की उष्मांक आपोआप येत. माझी प्रगती झाली. बाई निवृत्त झाल्याचं ऐकलं. निरोपाच्या समारंभाला मी पुष्पगुच्छ पाठवला. पंचवटीच्या बाजूला काम निघालं तर मी दुसऱ्या पुलावरून जाई.

दोन हजार सालानंतर केव्हातरी त्याच परिषदेचं निमंत्रण मला आलं. श्रोता म्हणून नव्हे, वक्ता म्हणून. विषय असा, की रुग्ण आपल्या खाण्याविषयी खरं का सांगत नाहीत. ते पत्र मीही टेबलाच्या काचेखाली ठेवलं. जावंसं वाटत होतं आणि जाववत नव्हतं. बाईंना जी भीती होती ती आपण वेडे ठरू याची होती. माझी भीती वेगळी होती. त्या सभागृहात या विषयावर बोलण्याचा माझ्याइतका अधिकार खरोखर कुणालाच नव्हता, आणि नेमकं तेच मला बोलता येण्यासारखं नव्हतं. तीन वेळा भाषण लिहिलं. तिन्ही वेळा पहिल्या परिच्छेदात ‘रुग्ण’ असा शब्द लिहिला आणि पेन खाली ठेवलं.

चौथ्या खेपेला उठलो आणि पंचवटीत गेलो.

बाई सत्तरीकडे झुकल्या होत्या. केस पांढरे, अंग आटलेलं. मला पाहून त्यांना ना आश्चर्य वाटलं ना राग आलेला दिसला. “ये, बस,” म्हणाल्या. पाणी दिलं. दुपारची वेळ होती, खोलीत पडद्यातून गाळलेला उजेड होता, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज दोन ठोक्यांच्या मध्ये झोपी गेल्यासारखा वाटत होता. मी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. जमेना. शेवटी खाली पाहत सगळं सांगून टाकलं. ती मुलाखत, ते अध्यक्षांचं हसणं, ती ताकाची वाटी. मी म्हणालो, “तुमची पद्धत चुकली नव्हती, बाई. मला सगळं दिसलं होतं. मी खोटं बोललो. तुमचं काम मी मोडलं. सगळ्यांसमोर.”

बाई ऐकत होत्या. थांबणं त्यांना अजूनही तितकंच चांगलं येत होतं.

“खोटं बोललास ते तर तिथेच कळलं रे,” त्या म्हणाल्या. “मी समोरच बसले होते ना आदल्या रात्री.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

त्यांनी साडीचा काठ गुडघ्यावर सरळ केला. मग, माझ्याकडे न बघता, ज्या सावध आवाजात माणूस डॉक्टरांना तपासणीचा निकाल विचारतो त्या आवाजात म्हणाल्या, “मला एवढंच कळलं नाही, की का. घरी येऊन राहिलेली एक पोळी काढून पाहिली. मोडून पाहिली. मला वाटलं, गूळ कडक झाला असणार. तुला आवडल्या नाहीत आणि म्हणून तू त्यांचं नाव घेतलं नाहीस. फार दिवसांनी कुणासाठी तरी केल्या होत्या. हात गेला असेल, म्हटलं. मग पुन्हा नाही केल्या.” आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “झाला होता का कडक?”

इतक्या वर्षांत मी माझ्या अपराधाची कितीतरी रूपं पाहिली होती. हे कधी पाहिलं नव्हतं. मला वाटत होतं मी त्यांचं शास्त्र मोडलं. आणि ही बाई इतकी वर्षं आपल्या गुळात चूक शोधत होती.

“नाही बाई,” मी म्हणालो. “अजिबात नाही. तशी गुळपोळी मी नंतर कुठे खाल्लेली नाही. आवडल्या नसत्या तर तीन कशा खाल्ल्या असत्या?”

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना झोप लागली. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू पसरत गेलं.

“चार,” त्या म्हणाल्या. “चौथीला नको नको म्हणालास आणि तूप मात्र स्वतःच्या हाताने घेतलंस.”

मी कबुली द्यायला आलो होतो, आणि कबुलीतही एक पोळी लपवून बसलो होतो. बाईंनी डोळे उघडले नव्हते. त्या वाट पाहत होत्या.

“चार, बाई,” मी म्हणालो.